समासातला ‘कसं?’

ताई, नमस्कार.

मी पदव्युत्तर वर्गात शिकते. चित्रपट अभ्यास हा विषय आवडीने निवडला आहे. पहिला निबंध सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’वर लिहिला. हरिहर खूप दिवसांनी घरी परततो आणि आपली मुलगी दुर्गा गेल्याचं त्याला कळतं, तो प्रसंग घेतला होता. मी लिहिलं होतं, ‘या प्रसंगातलं रवि शंकर यांचं संगीत काळजाला हात घालतं. करुणा बॅनर्जी यांचा अभिनय अप्रतिम आहे. हा प्रसंग प्रेक्षकाला सुन्न करून सोडतो.’ सरांनी वही परत दिली तेव्हा समासात ठिकठिकाणी एकच शब्द होता, ‘कसं?’ मोजले तर सात. खाली शेरा, ‘हे परीक्षण झालं, विश्लेषण नाही.’ मैत्रीण म्हणते, आधी सिद्धान्ताची पुस्तकं वाच. दोन आणली, पण दहा पानांपुढे सरकत नाहीये. आणखी एक भीती वाटते. प्रत्येक दृश्याची अशी चिरफाड करत बसले, तर सिनेमा पाहण्यातला आनंदच निघून जाईल का? मी काय करू?

– सिनेमावेडी

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्यासाठी वाईट वाटलं, दुसऱ्यांदा तुझ्या सरांबद्दल आदर वाटला. त्यांनी ‘कसं?’ लिहिलं आहे, ‘कशावरून?’ नाही. या दोन प्रश्नांत फार फरक आहे. ‘कशावरून?’ विचारणाऱ्याला तुझं म्हणणं पटलेलं नसतं. ‘कसं?’ विचारणाऱ्याला ते पटलेलं असतं आणि त्याच्या पुढचं ऐकायचं असतं. तो प्रसंग सुन्न करतो, हे सरांनाही मान्य आहे. तो सुन्न करतो कसा, हे त्यांना तुझ्याकडून हवं आहे. म्हणजे तुझं वाटणं चुकलेलं नाही. तू ते सांगून थांबलीस, एवढंच झालं.

आधी परीक्षणाचं बघू. ज्याने सिनेमा पाहिलेला नाही, त्याच्यासाठी परीक्षण असतं. पाहावा की पाहू नये, कशाची तयारी ठेवून जावं, हे त्याला सांगायचं असतं. त्यामुळे कथा थोडी सांगावी लागते, अभिनय, संगीत, छायालेखन यांना एकेक वाक्य द्यावं लागतं. तेही कौशल्याचं काम आहे, त्याला कमी लेखू नकोस. विश्लेषण मात्र सिनेमा पाहून आलेल्या माणसाशी बोलतं. त्याला कथा ठाऊक आहे, रडू त्यालाही आलेलं आहे. त्याच्या शेजारी बसून ‘थांब, हे पुन्हा बघू’ असं म्हणायचं आहे. पुढचा निबंध लिहायला बसशील तेव्हा आपला वाचक सिनेमा पाहून आला आहे असं मनाशी पक्कं धर. निम्मा मजकूर आपोआप गळून पडेल, कारण तो कथा सांगण्यातच गेलेला असतो.

आता तुझाच प्रसंग घेऊ.

हरिहर येतो तेव्हा वादळाने घराची पडझड झालेली आहे. तो मुलांना हाका मारतो. त्याची बायको सर्वजया (करुणा बॅनर्जी) समोर येते. ती बसायला देते, पाणी देते, पण तोंड उघडत नाही. तो मात्र बोलतो आहे. आणलेल्या वस्तू एकेक करून काढून दाखवतो. पोळपाट-लाटणं. लक्ष्मीची तसबीर. आणि मग दुर्गासाठी आणलेली साडी. सर्वजया ती साडी घेते, तोंडाशी धरते आणि तिचा बांध फुटतो. तिचं तोंड उघडलेलं आपल्याला दिसतं, पण तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. आवाजाच्या जागी तारशहनाईचा, म्हणजे गजाने वाजवायच्या एका तंतुवाद्याचा, उंच, चिरत जाणारा सूर आहे.

मी अजून एकही मत दिलेलं नाही, फक्त समोर काय आहे ते सांगितलं. पण एवढं सांगतानाच काही गोष्टी हाताशी आल्या. या प्रसंगात तिघांत वाटणी झालेली आहे. बोलणं हरिहरकडे आहे, गप्प राहणं सर्वजयाकडे आणि जाणणं आपल्याकडे. दुर्गा गेली हे आपल्याला कधीच कळलेलं आहे, त्यामुळे या प्रसंगात आपल्यासाठी नवी बातमी काहीच नाही. मग आपण कशाची वाट बघतो? त्याला कळण्याची. आणि ते लांबवत नेतात त्या वस्तू. पोळपाट घराचा, तसबीर देवाची, या दोन्हींना दुर्गाचं नाव चिकटलेलं नाही. प्रत्येक वस्तू बाहेर येताना आपल्याला धास्ती वाटते, कारण पुढची वस्तू तिची असू शकते. साडी पहिलीच निघाली असती, तर प्रसंग तोच राहिला असता, पण ती धास्ती राहिली नसती.

आता ‘संगीत काळजाला हात घालतं’ हे तुझं वाक्य. इथे संगीत रडण्याच्या साथीला आलेलं नाही, ते रडण्याच्या जागी बसलेलं आहे. सबंध प्रसंगभर आपण या बाईच्या तोंडून एक शब्द निघण्याची वाट बघतोय, आणि तो निघतो तेव्हा सिनेमा तो आपल्यापासून काढून घेतो. हे एकदा दिसलं की ‘काळजाला हात घालतं’ हे सांगण्याची गरज उरत नाही. वाचणाऱ्याच्या काळजापर्यंत ते आपणहून जातं.

इथे एक युक्ती सांगते. मला ती फार उशिरा सापडली आणि तेव्हापासून मी ती सोडलेली नाही. दृश्यातली एकच गोष्ट मनातल्या मनात बदलून बघायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. सर्वजयाचा खरा हंबरडा ऐकू आला असता तर? तर ते एका घरातलं, एका बाईचं रडणं झालं असतं, आणि आपण शेजाऱ्यासारखे ते ऐकत उभे राहिलो असतो. हंबरडा आणि वाद्य दोन्ही असतं तर? तर वाद्याने नुसता जोर दिला असता. आणि काहीच नसतं, पूर्ण शांतता असती तर?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कल्पनेने द्यायला नको. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चा (२०१६) शेवट आठव. लहान मूल घरात येतं, समोर आईबाप पडलेले आहेत, आणि सिनेमाचा आवाजच काढून घेतलेला आहे. मूल बाहेर जातं, मागे रक्तात उमटलेली पावलं राहतात. इथेही आकांत आपल्याला ऐकू दिलेला नाही, पण त्याच्या जागी दुसरं काही ठेवलेलंही नाही. ‘पथेर पांचाली’त दुःखाला एक सूर मिळतो, कोणीतरी ते उचलून धरतं. ‘सैराट’मध्ये कोणी काहीच धरत नाही. समोर जे आहे त्याला काय म्हणायचं हे त्या मुलाला ठाऊक नाही, आणि सिनेमाही त्याच्या वतीने बोलत नाही. दोन सिनेमे तीच गोष्ट काढून घेतात आणि दोन टोकांना जातात. तुला निबंधाचा विषय हवा असेल तर हा घे. माझं म्हणणं तुला पटायलाच हवं असं नाही. उलट तुला वेगळं दिसलं तर जास्त बरं.

पटायला नको म्हणते, कारण विश्लेषणाच्या केंद्रस्थानी असं विधान असावं लागतं ज्याच्याशी एखाद्या शहाण्या माणसाला वाद घालता येईल. ‘हा प्रसंग हृदयद्रावक आहे’ यावर कोण वाद घालणार? ‘या प्रसंगात हरिहरचं बोलणं हेच सर्वजयाच्या मौनापेक्षा जास्त सोसवत नाही’ यावर मात्र घालता येतो. कोणी म्हणेल, छे, मौनच जड आहे. मग तुला दृश्याकडे जावं लागेल, हे बघ, इथे तो असं म्हणतो, तेव्हा ती असं करते. हे जाणं-येणं म्हणजेच विश्लेषण. असं विधान सुरुवातीला सापडत नाही, त्याने घाबरून जाऊ नकोस. माझ्या बाबतीत तरी ते पहिल्या खर्ड्याच्या शेवटच्या परिच्छेदात सापडतं. मग तो परिच्छेद वर आणायचा आणि बाकीचं पुन्हा लिहायचं.

‘अभिनय अप्रतिम आहे’ या वाक्याबद्दल थोडं. पडद्यावरचा अभिनय एकट्या नटाचा नसतो. १९२० च्या सुमारास लेव्ह कुलेशोव्ह या सोव्हिएत दिग्दर्शकाने एका नटाच्या चेहऱ्याचा तोच तो तुकडा वेगवेगळ्या चित्रांना जोडून दाखवला. एकदा सुपाचं भांडं, एकदा शवपेटी. पाहणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी शोक, असं सांगतात. चेहरा बदललेला नव्हता, शेजार बदलला होता. म्हणून कोणाचाही अभिनय आवडला की आधी बघायचं, या चेहऱ्याच्या आधी काय दाखवलं, नंतर काय दाखवलं, चेहरा किती जवळून दिसतो, किती वेळ दिसतो. करुणा बॅनर्जी यांचं श्रेय यात कमी होत नाही. त्यांनी नेमकं काय केलं हे उलट जास्त स्वच्छ दिसतं. त्या साडी तोंडाशी कशा नेतात, त्याआधी त्यांचे हात कुठे असतात, हे बघ. ‘अप्रतिम’ या शब्दात यातलं काहीच मावत नाही.

आता पाहायचं कसं. पहिल्यांदा सिनेमा पाहताना हातात पेन घेऊ नकोस. ते पाहणं तुझं आहे, ते कोणाला द्यायचं नाही. घरी आल्यावर जे डोक्यातून जात नाही ते दोन ओळींत लिहून ठेव, मग ते दाराचं करकरणं असो की कोणाची पाठ असो. बहुतेक वेळा तिथेच काहीतरी दडलेलं असतं. दुसऱ्यांदा सबंध सिनेमा न बघता तेवढा तीन-चार मिनिटांचा प्रसंग बघ. एकदा आवाज बंद करून. एकदा पडद्याकडे पाठ करून, नुसतं ऐकत. मग प्रत्येक कटला, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होतो तिथे, थांबवत, वहीत चौकटी आखून, काडीची माणसं काढत. चित्रकला यावी लागत नाही. कोण कुठे उभं आहे, कोण कोणाकडे बघतं आहे आणि चौकटीत रिकामी जागा कुठे आहे, एवढं कळलं की झालं. शॉट मोज, प्रत्येकाचे सेकंद लिही. बोलपटात सेकंदाला २४ चौकटी जातात, म्हणजे तीन मिनिटांत चार हजारांहून जास्त. त्यातल्या शे-दीडशे जरी नीट पाहिल्यास, तरी बहुतेकांपेक्षा जास्त पाहिलंस.

आठवणीवर मात्र विसंबू नकोस. एकदा मी एका लेखात लिहिलं होतं की मुलाचं पत्र वाचताना आईच्या चेहऱ्याजवळ कॅमेरा हळूहळू सरकतो. सबंध परिच्छेद त्या सरकण्यावर उभा केला होता. लेख छापायला द्यायच्या आदल्या रात्री सहज तो प्रसंग पुन्हा लावला. कॅमेरा जागचा हललाच नव्हता. आईच खिडकीकडे, उजेडात, आपल्या दिशेने दोन पावलं पुढे आली होती. परिणाम तोच, चेहरा मोठा होतो. पण अर्थ उलटा. कॅमेरा सरकला असता तर आपण तिच्या दुःखात शिरलो असतो. इथे ती स्वतः पत्र वाचायला उजेडाकडे येते, आणि आपण फक्त तिथे असतो. रात्रभर बसून तो परिच्छेद पुन्हा लिहिला. तो लेख आज बरा वाटतो तो त्या दोन पावलांमुळे.

लिहिताना एक-दोन सवयी मोडाव्या लागतील. ‘दिग्दर्शकाला असं सांगायचं आहे’ हे शक्यतो टाळ. त्याच्या मनात काय होतं हे आपल्याला माहीत नसतं, समोर दृश्य असतं. ‘दृश्य हे लपवतं’, ‘हे उशिरा दाखवतं’, ‘इथून नजर हटवतं’ असं लिहून बघ. क्रियापदं नेमकी आली की विशेषणांची गरज कमी होते. दुसरी सवय प्रतीकं शोधत फिरण्याची. लाल म्हणजे धोका, आरसा म्हणजे दुभंगलेलं मन, पक्षी म्हणजे स्वातंत्र्य, असा तयार कोश घेऊन सिनेमाकडे जाऊ नये. लाल रंगाला काय अर्थ आहे हे त्या सिनेमात तो आधी कुठे आला, कोणाच्या अंगावर आला, आणि कुठे यायला हवा असताना आला नाही, यावरून ठरतं.

सिद्धान्ताच्या पुस्तकांबद्दल मैत्रिणीचं चुकत नाही, तिचा क्रम चुकतो आहे. ती पुस्तकं तुला अवघड जातात, कारण न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तू वाचते आहेस. आंद्रे बाझां या फ्रेंच समीक्षकाचं उदाहरण देते. ऑर्सन वेल्सच्या ‘सिटिझन केन’मध्ये (१९४१) एक प्रसंग आहे. पुढे टेबलाशी बसून आई कागदांवर सही करते आहे, सोबत मुलाला घेऊन जाणारा बँकवाला आहे, मध्ये हतबल बाप, आणि पार मागे, खिडकीतून दिसणारा छोटा मुलगा बर्फात खेळतो आहे. पुढचं आणि मागचं सगळं एकाच वेळी स्पष्ट दिसतं. मुलाचं आयुष्य पुढे टेबलावर ठरतं आहे आणि त्याला पत्ता नाही. कट करून आई, मग मुलगा, मग बाप असं दाखवता आलं असतं, पण मग कधी कोणाकडे बघायचं हे सिनेमाने ठरवलं असतं. इथे ते बऱ्याच अंशी आपल्यावर सोडलेलं आहे. अशा दृश्यांसमोर बसून बाझां प्रेक्षकाच्या नजरेला मिळणाऱ्या मोकळिकीबद्दल लिहीत होता. त्याच्या आधी सोव्हिएत दिग्दर्शक आयझेन्स्टाइनचा भर नेमका उलट होता, दोन शॉटच्या टकरीतून नवा अर्थ जन्मतो यावर. दोघांसमोर खरेखुरे सिनेमे होते, आणि दोघांना तुझ्या सरांचाच प्रश्न पडलेला होता. आधी ते दृश्य बघ, त्यावर स्वतः पानभर लिही, आणि मग बाझां वाच. दहा पानांपुढे सहज जाशील. कदाचित भांडशीलही त्याच्याशी.

आता तुझी भीती. मला वाटतं, पत्रातला खरा प्रश्न हाच आहे, बाकीचे त्याच्या आडून आलेत.

सुरुवातीचे काही महिने त्रास होतो, हे खरं सांगते. सिनेमा बघताना डोक्यात कोणीतरी कट मोजत बसतं. शेजारी माणूस हुंदके देत असतो आणि आपण दिवा कुठून लावलाय ते शोधत असतो. गाणं शिकणाऱ्यालाही असंच होतं, मध्यंतरी काही काळ त्याला फक्त मात्रा ऐकू येतात. पुढे मोजणं मागे सरकतं. ते जात नाही, पण वाटेत येत नाही. मी हरिहर परततो तो प्रसंग किती वेळा पाहिला असेल सांगता येत नाही. पोळपाटानंतर तसबीर येणार, तसबिरीनंतर साडी, हे मला पाठ आहे. आवाज जाणार हेही ठाऊक आहे. तरी तो सूर लागला की अजून घशात येतं. आधी मी त्या बाईसाठी रडत होते. आता तिच्यासाठी रडतेच, शिवाय कोणीतरी ते दुःख इतक्या काळजीने, इतक्या अदबीने समोर ठेवलं याचंही रडू येतं. माझा आनंद कमी झाला नाही, त्यात भर पडली. चिरफाड हा शब्द तू वापरलास. मला विचारशील तर हे काम नाडी बघण्यासारखं आहे. त्यासाठी माणूस जिवंतच असावा लागतो.

पुन्हा लिहायला बसशील तेव्हा सगळा निबंध बाजूला ठेव आणि एक गोष्ट बघ. हरिहरला कळतं, तो कोसळतो, आणि त्यानंतर आपल्याला बाहेर उभा असलेला अपू, दुर्गाचा धाकटा भाऊ, दिसतो. बापाचं रडणं त्याच्या कानावर पडतं आहे. सर्वजयाचा आवाज आपल्याला ऐकू दिला नाही, मग हरिहरचा का दिला? आणि तो ऐकणाऱ्या मुलाचा चेहरा आपण किती वेळ बघतो? तुझ्या पत्रातल्या त्या तीन वाक्यांत अपूचं नाव नाही. निबंधातही नसेल, तर तिथून सुरू कर.